लोखंडरावांची तहान

परीक्षा संपली की माझी नात दुपारभर टीव्हीसमोर पसरते. सध्या तिच्या आवडीच्या चित्रमालिकेत दोन अगडबंब यंत्रमानव आहेत. एक निळा, एक पिवळा. दोघेही तीन मजली घराएवढे उंच आणि दोघेही अकलेनं यथातथाच. शहर वाचवायला निघतात आणि नेमके त्याच शहरावर बसतात. एकाचा हात निखळला की दुसरा तोच हात उचलून त्याला बदडतो. नात उचकी लागेपर्यंत हसते. मी शेजारी शेंगा सोलत बसलेली असते, पण मला हसू येत नाही. माझी नजर त्या निळ्याच्या छातीवर खिळलेली असते. कुठून तरी एक झडप उघडेल आणि घामानं निथळलेलं कुणी तरी बाहेर येईल, असं सारखं वाटत राहतं.

“आजी, आत कुणी नसतं गं. कॉम्प्युटरवर काढलंय ते,” नात समजुतीच्या सुरात सांगते. मी मान हलवते. कळतं मला, इतकीही म्हातारी झालेली नाही. पण बाहेर अमरावतीचा चैत्र पेटलेला असतो, कूलरमधल्या वाळ्याचा वास घरभर पसरलेला असतो, आणि तो यंत्रमानव खडखडत चालायला लागला की माझा घसा कोरडा पडतो. शेंगा तशाच टाकून मी उठते आणि माठातलं पाणी पिऊन येते.

आम्ही तेव्हा मूर्तिजापूरला राहत होतो. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात तेलवाले होते. म्हणजे यंत्रांच्या सांध्यासांध्यांत तेल सोडत दिवसभर फिरायचं. बाबांची थोरली बहीण, गिरजाआत्या, त्याच जिनात कापूस लावायला जायची. बायका ओळीनं उभ्या राहून रुळांपुढं कापूस सोडत असत. एका बाजूला रुई पडे, दुसऱ्या बाजूला सरकी. चैत्र आला की जिनाचा हंगाम ओसरायचा. भोंगा अधूनमधूनच वाजायचा. वस्तीत सरकीचा तेलकट वास, त्यात कडुनिंबाच्या मोहराचा वास मिसळलेला. रुईचे पुंजके वाऱ्यानं उडून कुडांना, लुगड्यांना, माणसांच्या भुवयांना चिकटून बसायचे. आत्या ऐन चाळिशीत होती, पण हंगामभर ती पांढऱ्या केसांचीच दिसायची. अंग धुतलं की पुन्हा तरुण व्हायची.

आत्या दिसायला चिमणीएवढी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी आली आणि माहेरच्यांवरच राज्य करू लागली. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून ती नागपूरला जाऊन आली. परत आली ती घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडूनच टेकली. त्याच दिवशी तिनं आणखी एक गोष्ट ठरवली होती, आणि ती कुणाला विचारून ठरवली नव्हती. यापुढं कुणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं नाही. आमच्या माणसांना गावोगाव पाणी तसंच मिळत असे. खाली वाकायचं, तळहात जोडून तोंडाशी धरायचे, आणि वरून कुणी तरी हात उंच ठेवून धार सोडायचं. त्याच्या भांड्याला आपला स्पर्श नको म्हणून. आत्या म्हणाली, “मले तहान लागली तं लागली. आता वाकनार नाई.” मूर्तिजापुरात हे निभत होतं. तिथं वस्तीचा नळ होता, जिनात हौद होता. पण बाहेरगावी गेलं की तिचे हाल व्हायचे. वाळलेल्या ओठांनी परत यायची आणि दारातच मडक्याशी जाऊन बसायची.

मला तेव्हा तिचा राग यायचा. माणसानं जिवापेक्षा हट्ट मोठा करू नये, असं माझं शाळकरी मत होतं. आज मी निवृत्त मास्तरीण आहे, आयुष्यभर पोरींना हट्ट सोडायला शिकवलं, आणि तरी त्या बाबतीत माझं मत काय आहे ते मला नीटसं सांगता येत नाही.

एकसष्ट किंवा बासष्ट साल असेल. मी मॅट्रिकचे पेपर देऊन मोकळी झाले होते. थोरला दादा अकोल्याला कॉलेजात शिकत होता आणि सुट्टीत डोक्यात नवनवी खुळं घेऊन यायचा. जयंतीच्या वेळी आमच्या वस्तीत जलसा व्हायचा. गाणी, ढोलकी, आणि मध्ये एक हसवणारा फार्स. त्या वर्षी दादानं कुठल्याशा मासिकात यंत्रमानवाचं चित्र पाहिलं होतं. तो घरात पाय टाकता टाकताच म्हणाला, “बाबा, आवंदा आपण लोखंडाचा मानूस करू. खराखुरा. हालनारा.”

बाबांना असल्या कामाची हौस होतीच. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे, बांबूच्या कैच्या, कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या आणि बारदान, एवढ्यातून तो माणूस उभा राहिला. जुन्या ट्रंकेचं झाकण त्याचा खालचा जबडा झालं. डोळ्यांच्या जागी पितळी झाकण्या. हात गाठीच्या पट्ट्या वाकवून केले होते. एकेक बोट केवढं तरी मोठं. पण पत्रा तिथवर येईस्तोवर संपला, तेव्हा पंजा तसाच पट्ट्या-पट्ट्यांचा राहिला. बाबा म्हणाले, “दुरून कोन पायते बोटं?” आणि त्यांनी पक्कड खाली ठेवली.

छातीत एक आडवा बांबू होता. त्यावर बसून दोऱ्या ओढल्या की जबडा उघडे, मुंडकं फिरे, हात वर जात. ती जागा इतकी चिंचोळी होती की वस्तीतला एकही बाप्या आत मावेना. दादानं प्रयत्न केला आणि त्याला बाहेर काढायला पट्ट्या उकलाव्या लागल्या. मग आत्या कमरेला पदर खोचून म्हणाली, “सरका. मी बसतो.” आमच्याकडं बायका आपल्याबद्दल पुष्कळदा ‘बसतो, जातो’ असं म्हणत, आणि आत्या ते ठसक्यात म्हणायची.

नाव ठेवायची पाळी आली तेव्हा दादानं ‘यंत्रोबा’ सुचवलं. आत्या आतूनच ओरडली, “कावून रे? आत्ता कुठी सारे ‘बा’ नदीत सोडून आलो, आन तू नवा आनून राहिला काय?” तेव्हा त्याचं नाव लोखंडराव झालं.

दादाचा फार्स साधा होता. गावात लोखंडराव येतो. तो काम मागतो, पगार मागत नाही, झोपत नाही. गाव खूष. पण त्याला बसवायचं कुठं? त्याची जात कोणती? एक म्हणतो, लोखंडाचा आहे म्हणजे लोहाराचा. दुसरा म्हणतो, पत्रा रॉकेलच्या डब्याचा आहे, म्हणजे वाण्याचा. भटजी पत्रिका मागतात. दादा गावचा पाटील व्हायचा, पोटाला उशी बांधून. शेवटी लोखंडराव पाणी मागतो आणि साऱ्या गावाची दातखीळ बसते. आमच्या वस्तीत हा फार्स झाला तेव्हा हसून हसून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लोखंडरावाला उभं केलेल्या गाडीमागं बसून त्याच्या प्रत्येक हालचालीगणिक पान्यानं डबा बडवत होते, आणि माझे मलाच टोले चुकत होते इतकं हसू येत होतं.

त्याची कीर्ती शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेच्या रुळावरून पुढच्या एका गावी पोचली. तिथल्या आमच्या लोकांचं बोलावणं आलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या दोन मुली पुढं माझ्या हाताखाली शिकल्या, आणि गाव आता तसं राहिलेलं नाही.

बोलावण्यामागून दुसऱ्याच दिवशी त्या गावच्या पाटलांचा निरोप आला. खेळ करायला हरकत नाही, पण दिवसाउजेडी आटपा, आणि विहिरीचं नाव काढू नका. निरोप सांगणारा माणूस भला होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, “पायजा बाप्पा. माणसं चिडलेली हायेत. मागच्या मयन्यात विहिरीवरून बोलाचाली झाली.” त्या गावी वस्तीची विहीर चैत्रात आटायची. मग आमच्या बायका मोठ्या विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर तो पोहऱ्यातलं पाणी वरून त्यांच्या घागरीत ओतायचा, नाही तर दुपार तशीच जायची.

आई म्हणाली, जाऊ नका. दादानं रात्रीतून शेवट बदलला. लोखंडराव आता पाणी मागणार नव्हता, तेल मागणार होता. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, “तेल तं तेल. आपल्याले खेळ करायचा हाय, भांडण नाई.”

त्या दिवसाची आठवण काढली की आधी मला गाडी आठवते, आणि थोडं हसूही येतं. लोखंडरावाचे पाय गार्डाच्या डब्यात, धड माणसांच्या डब्यात दोन बाकांच्या मध्ये आणि मुंडकं माझ्या मांडीवर. गार्ड म्हणाला, “याले तिकीट हाय का?” दादा म्हणाला, “साहेब, याचा अजून जनम व्हायचा हाय.” सगळा डबा हसला. ती गाडी इतकी हळू चालायची की खाली उतरून बोरं वेचून पुन्हा चढावं. उतरताना मात्र लोखंडरावाचा एक पाय निसटला आणि आम्ही बरोबर घेतलेल्या पाण्याच्या मडक्यावर आदळला. मडकं फुटलं. फलाटावरच्या धुळीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. दादा पुन्हा काही तरी विनोद करायला गेला, पण आत्याचं तोंड पाहून थांबला.

वस्तीत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. एका म्हातारीनं आत्यापुढं पाण्याची वाटी धरली. आत्यानं ती हातात घेतली आणि विचारलं, “कुठून आनलं व माय?”

“थ्या मोठ्या विहिरीवरून. सकाळपासून बसलो तवा एकानं वाढलं.”

“वरून?”

“वरूनच. खालून कोन देते?”

आत्यानं वाटी खाली ठेवली. म्हातारीला ते लागलं. “आमी तं हेच पितो, बाई. आमी का मानसं नाई?” आत्यानं तिचा हात धरला आणि म्हणाली, “तुमाले नावं नाई ठेवून राहिली मी. मायाच गळ्यातून उतरत नाई.” मग ती वाटी तिनं माझ्या हातात दिली. मी प्याले. मला तहान लागली होती आणि मी कुठलंही व्रत घेतलेलं नव्हतं. आत्या माझ्याकडं पाहत होती आणि तिच्या ओठांवर पांढरी साल दिसत होती.

वस्तीच्या गल्लीत लोखंडराव वळेना, म्हणून खेळ गावातल्या मोठ्या मोकळ्या जागेत ठेवावा लागला. एका अंगाला ती मोठी विहीर, समोर पाटलांचा वाडा, त्याच्या उंच ओसरीवर रांजण. पाटील बाजेवर बसले होते, आसपास त्यांची माणसं उभी. डाव्या हाताला गावातली इतर माणसं आणि पोरं. आमची वस्तीतली माणसं उजव्या अंगाला, जरा लांब, एकमेकांना चिकटून. मधली जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत एका मोडक्या रेंगीवर, म्हणजे छोट्या बैलगाडीवर, लोखंडरावाला उभं केलं होतं. मी रेंगीमागं बसले, पाना आणि डबा घेऊन. पत्र्याला चुकून माझा दंड लागला आणि मी हात मागं घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता.

आत्या आत चढली. बाबांनी मागची झडप तारेनं आवळली, म्हणजे हिसक्यानं उघडू नये. मी त्यांना म्हणाले, “बाबा, तिनं सकाळपासून पानी नाई पेलं.” बाबा म्हणाले, “अर्ध्या घंट्याचा खेळ हाय.” त्यांनी तारेला शेवटचा पीळ दिला. मग ते ढोलकीवर जाऊन बसले.

सुरुवातीला कुणी हसलं नाही. लोखंडरावानं खडखडत हात वर केले, मुंडकं फिरवलं, जबडा वाजवून “काम सांगा!” म्हटलं, तरी सगळे चिडीचूप. दादाची उशी घसरली. माझे टोले त्या शांततेत फार मोठे वाटत होते. मग डावीकडून एक पोरगं फसकन हसलं. मग त्याच्यामागची बाई पदर तोंडाला लावून हसली. भटजींनी पत्रिका मागितली तेव्हा गावातले दोघंतिघं म्हातारे मोठ्यानं हसले, आणि पाटलांच्या माणसांपैकी एकानं मान खाली घातली, कारण त्यालाही हसू येत होतं. मला वाटलं, निभलं.

तेवढ्यात मला आतला श्वास ऐकू आला. झडपेला कान लावला. आत्या तोंडानं श्वास घेत होती, धाप लागल्यासारखा. दोरीचा हिसका उशिरा बसू लागला. लोखंडरावाचा उजवा हात अर्ध्यावरच थांबला. “आत्या,” मी कुजबुजले, “तार सोडतो. बाहीर ये.”

“नको सोडू.”

“तुले भोवळ येईन आत्या.”

“खेळ मोडन. हे हसून राहिले, पाय. नको सोडू.”

मी तारेला हात घातला, पण बाबांचा पीळ मला उकलेना. मला रडू येऊ लागलं. समोर दादानं ठरलेला प्रश्न विचारला, “तं लोखंडराव, तुमाले पायजे तरी काय?”

ठरलेलं उत्तर होतं, तेल. जबडा उघडला आणि बराच वेळ उघडाच राहिला. मग आतून एक घोगरा आवाज आला, जो आत्याचा आहे हे फक्त आम्हालाच कळलं असेल.

“पाणी.”

दादाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आत्या मुद्दाम करते आहे. तो घाईघाईनं म्हणाला, “पाणी नाई, लोखंडराव, तेल म्हना, तेल!” लोक हसले, पण अर्धवट. लोखंडरावाचं मुंडकं हळूहळू उजवीकडून डावीकडं फिरलं, आणि पुन्हा तेच. “तेल नाई. पाणी.”

बाजेवर पाटील ताठ बसले. त्यांच्या मागच्या माणसानं हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. बाबांची ढोलकी थांबली. वस्तीतली माणसं आपापली पोरं जवळ ओढू लागली. विहिरीचं नाव कुणी काढलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या नजरा विहिरीकडंच होत्या. मला वाटत होतं, आता काठी उठेल. आणि मला वाटत होतं, काठी न उठताही आत्या आत मरेल.

तेव्हा पाटलांच्या ओसरीवरून एक बाई खाली उतरली. उंच, थोराड हाडाची, कपाळ मोकळं. पाटलांची थोरली वहिनी होती, हे नंतर कळलं; नाव कधीच कळलं नाही. तिच्या हातात पितळेचा लोटा होता, काठोकाठ भरलेला. ती कुणाकडं न पाहता सरळ रेंगीशी आली आणि वर पाहून म्हणाली, “धर बाप्पा, लोखंडराव. किती ओरडशीन?”

पोरं टाळ्या पिटू लागली. त्यांना हा खेळच वाटत होता. लोखंडरावाचा पंजा तिच्यापुढं आला. तिनं लोटा उंच केला, सवयीप्रमाणं वरून धार सोडली. पट्ट्यांच्या फटींतून सगळं पाणी खाली मातीत गेलं. लोक खो खो हसले. तिलाही हसू आलं. तिनं पुन्हा धार सोडली, या वेळी बारीक, जपून. तेही गेलं. दुसऱ्यांदा मात्र हसणं मध्येच थांबलं. आधी मोठी माणसं थांबली, मग त्यांच्याकडं पाहून पोरं. त्या गावातल्या प्रत्येकानं तशी धार सोडली होती, नाही तर तशी झेलली होती. दुरून बोटं कुणी पाहत नाही, असं बाबा म्हणाले होते. आता सगळा गाव त्या बोटांकडं पाहत होता.

आतून आत्याचा आवाज आला. आता तो लोखंडरावाचा नव्हता, बाईचा होता. “हात गळका हाय, बाई. लोटाच द्या.”

वहिनी हललीच नाही. पाटलांनी घसा खाकरला. तो आवाज तिनं ऐकला असणार, कारण तिची मान किंचित वळली. मग तिनं लुगड्याचा ओचा सावरला, रेंगीच्या चाकावर पाय दिला, वर चढली, आणि ट्रंकेच्या झाकणाच्या त्या उघड्या जबड्यात लोट्यासकट हात घातला. कोपरापर्यंत. आत कुणी तरी तो लोटा घेतला, हे तिच्या दंडावरून दिसलं. त्या दोघींची बोटं एकमेकींना लागली असणारच, इतक्या चिंचोळ्या जागेत न लागून करतात काय. मग पाणी पिण्याचा आवाज. पत्र्यामुळं तो मोठा होऊन येत होता, घटाघटा, आणि तेवढाच आवाज होता.

वहिनी खाली उतरली. जबड्यातून रिकामा लोटा बाहेर आला, लोखंडरावानं जीभ काढावी तसा. ती हात पुढं करणार, एवढ्यात पाटील बाजेवरूनच म्हणाले, शांतपणे, मोठ्या आवाजात नाही, “वहिनी, लोटा राहू द्या त्याहीच्यापाशी. देऊन टाका.”

ऐकायला ते दान होतं. अर्थ सगळ्यांना माहीत होता. वहिनीचा हात खाली आला. ती एक क्षण उभी राहिली आणि पाठ फिरवून ओसरीकडं गेली. दादानं सुस्कारा टाकला. त्याला वाटलं, सुटलो. त्यानं बाबांना ढोलकीची खूण केली. पण आतून आत्या मला म्हणाली, “शांते, तार काप.”

बाबाच धावत आले आणि त्यांनी पकडीनं तार तोडली. आत्या मागून उतरली. लुगडं अंगाला चिकटलेलं, केसांत बारदानाचे तंतू, चेहरा लालबुंद. एवढ्या मोठ्या राक्षसातून एवढीशी बाई निघालेली पाहून एक पोरगी ‘अगं माय’ म्हणाली. आत्याच्या हातात लोटा होता. तिनं पदर सारखा केला आणि त्या रिकाम्या जागेतून चालत ओसरीकडं निघाली. बाबा तिच्यामागं दोन पावलं गेले आणि थांबले. काठीवाला पुढं झाला; पाटलांनी त्याला हातानं थांबवलं, की तो हात नुसताच वर गेला होता, मला आजही माहीत नाही.

आत्या पायरीशी थांबली. वर चढली नाही. लोटा पुढं धरला.

“तुमचं भांडं.”

वहिनी रांजणाशी उभी होती. “राहू द्या न बाई तुमच्यापाशी.”

“मले पाणी पायजे होतं. भांडं नाई पायजे.” आत्याचा आवाज चढला नव्हता. “घरी हायेत मायी भांडी. घ्या.”

मला आठवते ती आत्याची पाठ, ओल्या लुगड्यातून दिसणारी माकडहाडापर्यंतची रेघ, आणि लोटा पुढं धरलेला तिचा हात. वहिनी पुढं आली आणि तिनं लोटा घेतला. मग राखेकडं गेली नाही, विसळला नाही, पालथा घातला नाही. सगळ्यांच्या देखत, दिराच्या देखत, तसाच रांजणात बुडवला. बुडबुड आवाज करत तो भरला. तिनं तो वर काढला आणि थेंब गळत असताना आत्यापुढं धरला.

“आनखी घेता?”

आत्या प्याली. उभ्यानं, लोटा तोंडाला लावून, सावकाश. पाटील बाजेवरून उठले आणि आत निघून गेले. त्यांची माणसं कुणाकडं पाहावं ते न कळून तिथंच घुटमळली. खेळ तिथंच संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी दगडही मारला नाही. माणसं उठून आपापल्या वाटेनं गेली, बायका मात्र मागं वळून वळून पाहत होत्या.

माझी नात ही गोष्ट ऐकून विचारते, मग त्या दिवसापासून सगळ्यांना विहिरीचं पाणी मिळायला लागलं का? तिच्या मालिकेत अर्ध्या तासात शहर वाचतं, म्हणून तिला तसं वाटणं बरोबर आहे. मी तिला खरं सांगते. नाही मिळालं. त्याला पुढं कितीतरी वर्षं लागली, अर्ज, भांडणं, एकदा पोलीससुद्धा. तिचा चेहरा पडतो. मग ती परत टीव्हीकडं वळते आणि निळ्यानं पिवळ्याला पाडल्यावर हसते.

परतीच्या गाडीत आम्ही सगळे एका डब्यात होतो. उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूंना उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग मागं जात होते. दादा सारखा बोलत होता. मध्येच तो कडवट झाला आणि म्हणाला, “आतापावतो रांजण फोडला असन त्याहीनं. पैज लावतो.”

“फोडला असन,” आत्या म्हणाली. खिडकीला टेकून तिनं डोळे मिटले होते.

“मंग काय उपेग झाला?”

मी आत्याच्या केसांतले तंतू काढत बसले होते. दादा झोपल्यावर ती मला हळूच म्हणाली, “शांते, दुसऱ्या खेपेले मले तहान नोयती व.”

“मंग कावून पेली?”

“थे बाई हात लांबवून उभी होती न,” आत्या म्हणाली. “मी नाई पेली असती, तं साऱ्या गावादेखत तिनं कुठी पायलं असतं?”